चिझुरूच्या माहेरचा मासा

कान्झोने सकाळी दुकान उघडून पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासला, तोच फोन वाजला. फोन चिझुरूचा. लग्न होऊन ती ताकाओकाला गेल्यापासून या वेळचा फोन तिचाच असायचा, आणि प्रश्नही तोच.

"बाबा, मासा कधी येतोय?"

"येईल गं. समुद्राला निरोप दिलाय."

"थट्टा नको. सासूबाई रोज विचारतात. काल तर मामंजींनीही विचारलं. जेवताना ते मीठसुद्धा मागत नाहीत, हातानं खूण करतात. पण काल बोलले. मासा कधी येणार, म्हणाले."

कान्झोने फोन ठेवला आणि वस्तरा हातात घेतला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने त्याचा चेहरा आरशात पाहिला आणि दाढी उद्या केली तर नाही का चालणार, असं विचारलं.

जपानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हिमीत मुलगी लग्न होऊन गेली की त्या पहिल्या हिवाळ्यात बापाने तिच्या सासरी अख्खा बुरी मासा पाठवायचा असतो. सासरच्यांनी तो चारचौघांना दाखवायचा, कण्यालगत उभा चिरायचा आणि अर्धा माहेरी परत पाठवायचा. मासा जेवढा दांडगा, तेवढी पोरीची मान ताठ. लग्नात ती काय नेसली होती हे लोक महिन्याभरात विसरतात, पण मासा केवढा आला होता याचा उद्धार तिचे केस पिकले तरी चालू असतो. आता असल्या रिवाजाला अर्थ काय, असं विचारणारेही पुष्कळ आहेत. त्यांना मुली नाहीत.

तर त्या वर्षी मासाच येत नव्हता. हिवाळ्यात एकदा ढग गडगडले की बुरी जागा होतो आणि झुंडीने आमच्या खाडीत शिरतो, असं म्हातारी माणसं सांगतात. त्या वर्षी ढगच झोपले होते. बंदरावर लिलावाला बांगडे यायचे, माकूळ यायची, आणि बुरीच्या जागी बुरीची पोरं यायची. हा मासा आमच्याकडे वयाप्रमाणे नाव बदलतो. पोर असताना एक नाव, वयात येताना दुसरं, पूर्ण भरला की मग बुरी. म्हणून तर तो जावयाला देतात, त्याची नोकरीत अशीच बढती होत जावो म्हणून. मासेवाल्याने कान्झोला एक बरासा गांदो दाखवला. गांदो म्हणजे बुरी व्हायला एक पायरी कमी.

"ओळखू येत नाही हो," मासेवाला म्हणाला.

"हा नेऊन दिला तर जावयाला काय सांगितलं असं होईल? की बाबा रे, तू जन्मभर हेडक्लार्कच राहा?"

"काही माणसं राहतातच की."

"तुझ्या जावयाला दे मग."

शेवटी एका रात्री आभाळ असं कडाडलं की घराची दारं थरथरली. गारा पडल्या, मागोमाग बर्फ आलं. सगळी हिमी अंथरुणात उठून बसली आणि खुशीत परत झोपली. सकाळी बंदर माशांनी पांढरं झालं होतं. लिलाव करणारा माणूस कान्झोकडेच दाढी करायचा, त्यामुळे कान्झोला पुढे उभं राहायला मिळालं. त्याने रांगेतून दोनदा फेरी मारली आणि एका माशापाशी थांबला. डोकं लहान, पाठ रुंद, पोट नगाऱ्यासारखं तटतटलेलं. त्याने नुसतं बोट केलं.

मासा लांबलचक पेटीत बर्फावर निजवून, वर लाल-पांढरी मंगल दोरी बांधून त्याने गाडीत ठेवला. दोरीखालच्या कागदावर पाठवणाऱ्याचं नाव घालायचं असतं, पण कान्झोचं अक्षर वाचायला त्यालाच चष्मा लागतो. नाव त्याची बायको फुमिए घालणार होती. घरी जायचं, नाव घालायचं, चांगले कपडे करायचे आणि ताकाओकाला निघायचं, असा बेत होता.

बेत चांगलाच होता. पण गाडीला अजून उन्हाळ्याचेच टायर होते. बर्फाचे टायर घाला म्हणून फुमिए महिनाभर मागे लागली होती आणि कान्झो रोज उद्या म्हणत होता. देवळापाशी वळताना गाडी अशी काही घसरली की मागच्या पेटीतला मासाही या कुशीवरून त्या कुशीवर झाला. कान्झोने गाडी मुकाट्याने गॅरेजकडे वळवली. आपल्यासारखे आळशी गावात किती आहेत हे त्याला तिथली रांग पाहून कळलं.

गॅरेजमध्ये शेगडी धडाडून पेटलेली. तिथे मासा ठेवणं बरं नव्हतं. पलीकडेच त्याच्या थोरल्या बहिणीचं, किनुताईचं घर होतं. कान्झो पेटी उचलून तिथे गेला. घरात कुणी नव्हतं, पण आमच्या गावात दाराला कुलूप लावलं तर लोक समजतात की कुणीतरी गेलं. त्याने पेटी दाराच्या आत, गार फरशीवर ठेवली आणि टायर बदलायला गेला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. किनुताईच्या मुलाचंही, सेइगोचंही, त्याच शरदात लग्न झालं होतं. सून होनामी, पार डोंगरातली, सफरचंदाच्या बागा असलेल्या घरची. पोरगी गोड होती, पण समुद्र तिने लग्नानंतरच नीट पाहिला. तिच्या माहेरच्यांना बुरीचा रिवाज ठाऊकच नव्हता. आणि किनुताई ही शेतातला मुळा उपटतानाही त्याला दोन शब्द सुनावणारी बाई. "आमच्या दारात काही यंदा शेपटी हलायची नाही," असं ती बाजारात भाजी विकताना येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, आणि शेजारी मुळ्याच्या जुड्या बांधणारी होनामी मान खाली घालून ऐकायची. शेवटी तिने आईला फोन करून रिवाज सांगितला होता. आई म्हणाली होती, "बघते हं." पण डोंगरातल्या बाईने बघायचं म्हणजे काय आणि कुठे बघायचं?

कान्झो टायर बदलून ताईच्या दारात आला, तेव्हा आतून बायकांचा गलका ऐकू येत होता. त्याने दार सरकवलं.

मासा फळीवर होता. दोन भागांत.

किनुताई बाह्या सावरून, हातात लांब सुरी घेऊन उभी होती, आणि शेजारच्या बायका कातडीला बोट लावून लावून वाहवा करत होत्या.

"ये, कान्झो, ये," ताई म्हणाली. "बरा वेळेवर आलास. हे बघ. होनामीच्या माहेरचा मासा."

कान्झोने तोंड उघडलं.

"शेतातून येतेय तर दारात पेटी. मंगल दोरी लावलेली. नावसुद्धा घातलं नाही बघ, केवढी साधी माणसं. नाहीतर आपल्याकडचे, मासा टीचभर आणि नाव हातभर."

कान्झोने तोंड आणखी थोडं उघडलं. तेवढ्यात त्याला होनामी दिसली. चुलीपाशी उभी राहून ती कमरेच्या फडक्याने डोळे पुसत होती आणि हसतही होती. लग्न होऊन आल्यापासून ती असं हसलेली कान्झोने पाहिली नव्हती.

"आणि मी मेली काय काय बोलत होते तिला," किनुताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "जीभ झडो माझी. पोरी, उद्यापासून बाजारात माझ्या शेजारी बस. मागे नाही, शेजारी. कान्झो, तू काय म्हणत होतास?"

"मासा," कान्झो म्हणाला. "मासा छान आहे."

"आहेच. अर्धा आजच कुरिअरने तिच्या माहेरी जाणार. तू रिकाम्या हाताने जाऊ नकोस." आणि तिने त्याच्याच माशातला एक तुकडा, वर एक जाडजूड मुळा, असं बांधून त्याच्या हातात दिलं. कान्झोने वाकून आभार मानले. दुसरं काय करणार?

घरी फुमिए चांगले कपडे घालून, शाई उगाळून बसली होती. कान्झोने तिच्यापुढे पुडकं ठेवलं.

"हे काय?"

"आपला मासा."

"बाकीचा?"

त्याने सगळं सांगितलं. फुमिएने ऐकून घेतलं आणि मग तिने जे बोलायला सुरुवात केली, ते टायरपासून सुरू होऊन त्यांच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत मागे गेलं. शेवटी ती उठली. "मी जाते आणि सांगते ताईंना. माझ्या पोरीने काय घोडं मारलंय?"

"जा," कान्झो म्हणाला. "पण होनामीकडे बघू नकोस. बघितलंस तर बोलता यायचं नाही."

फुमिए जोडे घालून दारापर्यंत गेली. थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग परत येऊन तिने मुळा सोलायला घेतला. संध्याकाळी दोघांनी मासा आणि मुळ्याचं कालवण केलं आणि जेवायला बसले.

"चव कशी आहे?" फुमिएने विचारलं.

"काय सांगू. असा मासा जन्मात एकदा मिळतो."

"मिळाला होता," फुमिए म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून वारं सुटलं आणि समुद्र खवळला. होड्या किनाऱ्यालाच राहिल्या. मासेवाल्याच्या दुकानात लटकवलेल्या माकळीशिवाय काही नव्हतं. तो गांदोसुद्धा कुणीतरी नेला होता, कुणाच्यातरी जावयाच्या नशिबी. आणि चिझुरूचा फोन काही चुकत नव्हता. "बाबा, सासूबाईंना रात्री झोप नाही. मासा केवढा असेल, केवढा असेल, एवढंच घोकतात." कान्झोचा वस्तरा हल्ली इतका हळू चालायचा की गिऱ्हाइकं खुर्चीत झोपून जायची.

एका दुपारी दुकान रिकामं असताना होनामी आली. तिच्या हातात सफरचंदांची पेटी होती. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीतच बसली.

"मामा, आईचा फोन आला होता. तिने मासा पाठवलाच नव्हता. अर्धा मासा दारात आलेला बघून ती घाबरलीय. म्हणते, चुकून कुणाचा आला का? तो तुमचा होता ना?"

"कोण म्हणतं?"

"कुणी नाही. तुम्ही त्या फळीकडे असे बघत होता, मला वाटलं घरचंच कुणीतरी गेलंय." तिचे डोळे भरून आले. "मी आज सासूबाईंना सांगते. चिझुरूताईंचा मासा माझ्या नावावर कसा खपवू? सगळ्या बाजाराला सांगून झालंय त्यांचं. मला लाज वाटते हो, मामा."

खरं सांगायचं तर तिला जाऊ द्यावं, असं कान्झोच्या मनात आलं. नुसतं हं म्हणायचा अवकाश होता. त्याच्या पोरीची बाजू सावरली गेली असती आणि त्याला एक शब्दही बोलायला लागला नसता. पण किनुताई तोंडघशी पडली की तिची जीभ कुणावर चालणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लहानपणापासून ती त्याच्यावरच चालत आली होती.

"बस खाली," तो म्हणाला. ती बसलेलीच होती. "ताई तुझ्याशी बरं वागते का आता?"

"मला दुधाची साय देतात. सेइगोलासुद्धा देत नाहीत."

"मग झालं तर. आईला सांग, मासा खा आणि वर गरम चहा पी. पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही, रिवाज पहिल्याच हिवाळ्याचा असतो."

"आणि चिझुरूताई?"

"तिचं मी बघतो," कान्झो म्हणाला. कसं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

होनामीने पेटी पुढे सरकवली. "आईने पाठवलीय. म्हणाली, ज्याचा मासा असेल त्याला दे."

वर्ष संपायला आलं तरी वारं काही पडेना. नवं वर्ष उजाडून गेलं आणि मासा पोहोचला नाही म्हणजे मग तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी फुमिए म्हणाली, "रिकाम्या हाताने का होईना, जाऊन पाय धरू. फोनवर सांगण्यापेक्षा बरं." तिने अळकुड्या घेतल्या, सलगम घेतले, ती सफरचंदं घेतली. बर्फातून गाडी झकास चालली. टायरचा तेवढा फायदा झाला. कान्झो वाटभर माफीचं वाक्य घोकत होता आणि फुमिए त्यातल्या चुका काढत होती.

चिझुरूचं सासर, कागेयामांचं घर, म्हणजे ताकाओकातलं जुनं पितळी भांडी ओतणाऱ्यांचं घर. बोलणं कमी, वाकणं जास्त. बैठकीत सगळे समोरासमोर गुडघे मोडून बसले. व्याही, विहीणबाई, जावई आणि एका कडेला चिझुरू. चिझुरूचा चेहरा उतरला होता. विहीणबाईंची नजर दाराबाहेर, गाडीकडे लागली होती. व्याह्यांच्या अंगठ्याला पट्टी होती आणि पहिल्या बोटालाही.

कान्झोने कपाळ चटईला टेकवलं. घोकलेलं सगळं वाक्य विसरला.

"मासा आणता आला नाही," एवढंच तो म्हणाला. "चूक माझी आहे. पोरीला काही बोलू नका."

मग असा काही मोठा उसासा ऐकू आला की कान्झोला वाटलं, भात्यातून हवा सुटली. त्याने डोकं वर केलं. उसासा व्याह्यांनी सोडला होता. विहीणबाई गुडघे मोडून बसायचं विसरून चक्क मागे टेकल्या होत्या.

"नाही आणला?" त्या म्हणाल्या. "अगदी नक्की? गाडीत पण नाही?"

"नाही. माफ करा."

"बाबा," चिझुरू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "बरं झालं. इतकं बरं झालं ना."

कान्झो आणि फुमिए एकमेकांकडे बघायला लागले.

"या इकडे," विहीणबाई उठल्या आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे कोरी करकरीत लांब सुरी होती आणि माणूस झोपेल एवढी नवी फळी. "आमच्या घरात आजवर कुणी मोठा मासा चिरलेला नाही हो. आम्हाला तुकडे आणायची सवय. आणि अर्धा परत पाठवायचा तो तुमच्या हिमीला. सगळं गाव मासे कापणारं. तिथे तुमच्या गल्लीतल्या बायका आमचा चिरलेला मासा उलटापालटा करून बघणार, आणि म्हणणार, बघा, चिझुरूला कुठल्या घरात दिलीय. मला रात्ररात्र झोप नाही. यांनी बांगड्यांवर सराव केला. महिनाभर आम्ही बांगडे खातोय."

"वाकडे बांगडे," जावई म्हणाला.

"आणि ही तुमची मुलगी," विहीणबाई चिझुरूकडे बघून म्हणाल्या, "आल्या दिवशीच म्हणाली, काळजी नको, मी डोळे मिटून चिरते. पण सगळं तिच्यावरच कसं टाकायचं?"

कान्झोने मुलीकडे पाहिलं. तिने आयुष्यात केस कापायच्या कात्रीपलीकडे काही हातात धरलं नव्हतं.

"हिमीची मुलगी म्हटल्यावर सगळे तसंच धरून चालतात," चिझुरू नाक ओढत म्हणाली. "मग नाही कसं म्हणू? म्हणून तर रोज फोन करत होते. येणार असेल तर निदान आदल्या दिवशी तापाने पडता येईल."

फुमिए आधी हसली. मग विहीणबाई, मग जावई. व्याही हसले नाहीत, पण त्यांनी हाताने काहीतरी खूण केली आणि जावई आतून एक पेटी घेऊन आला. मंगल दोरी बांधलेली.

"हे काय?" कान्झोने विचारलं.

व्याही बोलले. "परतीचा अर्धा."

"पण पूर्ण आलाच नाही."

"गेल्या आठवड्यात मासे आले तेव्हाच आमच्या मासेवाल्याकडून चिरून घेतला होता, बर्फात ठेवलाय. तुमचा आला की लोकांना दाखवायचा, मग तो मासेवाल्याला द्यायचा आणि हा तुम्हाला, असं ठरलं होतं. माप जुळेल का, हीच धास्ती." एवढं बोलून ते दमले. थोड्या वेळाने म्हणाले, "रिवाज तो रिवाज. अर्धा परत गेलाच पाहिजे."

मग कान्झोला राहवेना. त्याने टायरपासून होनामीपर्यंत सगळी हकिकत सांगितली. चिझुरूने पुढे होऊन बापाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जेवायला त्या दिवशी बांगडे नव्हते.

परत येईपर्यंत दिवस मावळतीला आला होता. कान्झोच्या दारातलं बर्फ काढायला आलेली किनुताई फावडं घेऊन उभी होती, शेजारी होनामी. गाडीतून मंगल दोरीची पेटी उतरताना पाहून ताईने फावडं भिंतीला टेकवलं.

"म्हणजे दिलास की मासा. आणि मला कळवलंसुद्धा नाहीस. व्याह्यांनी चांगला चिरलाय का बघू."

ती सरळ आत आली. पेटी उघडून तिने मासा उलटापालटा करून पाहिला, कण्याच्या बाजूने बोट फिरवलं. "हात साफ आहे हो माणसाचा," ती म्हणाली. "चिझुरू चांगल्या घरी पडली." फुमिएने तोंड फिरवलं आणि विस्तव पाहायला गेली.

पातळ काप काढून सगळे बसले. किनुताईने एक काप सोया सॉसमध्ये बुडवून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली. होनामी कान्झोकडे न बघता भात वाढत होती.

"वाईट नाही," ताई शेवटी म्हणाली. "पण कान्झो, राग मानू नकोस. आमच्या होनामीच्या माहेरच्या माशाची सर नाही याला. तो काय भरलेला होता, काय तेल सुटलं होतं. डोंगरातली माणसं ती, पण निवड बघ. उभा जन्म बंदरावर गेला तुझा, तरी तुला असा मासा निवडता यायचा नाही."

"खरं आहे, ताई," कान्झो म्हणाला. "निवडणारा मोठा जाणकार असणार."

"असणारच."

"तू परत सांग ना, कसा होता तो," म्हणत कान्झोने भाताचा वाडगा पुढे केला.